धाकट्याच्या सालातली बाटली

५ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. (पन्नाशीला टेकलास तरी पत्राच्या डोक्यावर चि.च येणार, त्याला इलाज नाही.)

इकडील सर्व ठीक. म्हणजे छप्पर गळतं, गुडघा दुखतो आणि कान कामातून गेलेत, पण हे मागच्या पत्रातही होतं, तेव्हा ठीकच म्हणायचं. फोन मात्र करू नकोस. द्राक्षं दाबायच्या यंत्राची घरघर आयुष्यभर ऐकून आता तू बोलतोस ते पाण्याखालून बोलल्यासारखं येतं. काय ते लिही.

तोडणी काल संपली. यंदा उन्हाळा असा आलाच नाही, नुसता पत्ता विचारून गेला. शेवटच्या दिवशी सकाळी पानं पांढरी झाली होती आणि बोटं कात्रीला चिकटत होती. दोन नवे तोडणीवाले आले होते. आपला उतार पाहून त्यांनी कमरेला बांधायला दोर मागितला, आणि दोर बांधून झाल्यावर परतीची गाडी कधी आहे ते विचारलं. एक राहिला, एक गेला. जो राहिला त्याने काम बरं केलं, फक्त दिवसभर देवाचं नाव घेत होता.

द्राक्षं पिकली, पण कुणी जबरदस्तीने पिकवल्यासारखी. रसाचा थेंब जिभेवर ठेवला की एक डोळा आपोआप मिटतो. रीसलिंग ही मुळातच आंबट जात, त्यात आपली हवा थंड, त्यात असलं साल. आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला म्हणतात, तसं झालं आहे.

आता कामाचं. तळघरात दोन मोठी पिंपं भरली आहेत, डावं आणि उजवं. दोन्ही आंबायला लागलीत. तू तळघरात फक्त लपाछपीसाठी यायचास, म्हणून समजावून सांगते. आंबताना रसातली साखर संपत जाते आणि तिची दारू होते. सगळी संपू दिली की वाईन कोरडी होते, गोडीचं नाव राहत नाही. मध्येच थांबवलं तर थोडी साखर मागे राहते आणि तिच्याखाली आंबटपणा झाकला जातो. परवा व्यापारी येऊन गेला. त्याने घोट घेतला, रुमाल तोंडाला लावला, आणि जरा वेळाने म्हणाला की गोड ठेवलीत तर दोन्ही पिंपं उचलतो, कोरडी केलीत तर आपला नमस्कार. त्याचंही खोटं नाही. असल्या सालची कोरडी वाईन दहा-पंधरा वर्षं कुणाला जवळ येऊ देत नाही. आणि मी आता एकोणसाठची.

बाबांनी गोड कधीच ठेवली नाही. ज्याला गोड हवं त्याने जॅम खावा, असं ते म्हणायचे. पण असलं साल त्यांच्या हयातीत एकदाच आलं, तुझ्या जन्माचं. शेजारपाजारच्या सगळ्यांनी तेव्हा गोड ठेवली आणि हां हां म्हणता विकली. आपली दोन वर्षं कुणी घेईना. आई बाबांशी कामापुरतंच बोलायची. माझे बूट इतक्या वेळा शिवले की मूळ चामडं कोणतं ते चांभारालाही सांगता आलं नसतं. मी शाळेत पाय बाकाखाली ओढून बसायचे. तरी मनातून मला अभिमान वाटायचा, कारण मी बाबांना विचारलं होतं आणि साखर ठेवलेली नाही असं त्यांनी मला सांगितलं होतं. नऊ वर्षांच्या मुलीला कुणी असं मोठ्या माणसासारखं उत्तर देत नाही. पुढे तू शहरात गेलास आणि मी इथे राहिले, त्याच्या मुळाशी ते एक उत्तर आहे असं म्हटलंस तरी चालेल.

आता मला त्यांना विचारता येत नाही की असल्या सालात खरंच निभावतं का. म्हणून तुला विचारते. घरची रीत तुला माहीत आहे. मूल जन्मलं की त्या सालची एक बाटली भिंतीतल्या कोनाड्यात आडवी ठेवायची, आणि ते पन्नाशीचं झालं की त्यानेच ती उघडायची. माझी मी नऊ वर्षांपूर्वी उघडली. पण माझं साल रखरखीत उन्हाचं होतं, तिचा इथे उपयोग नाही. तुझ्या सालातली जगात एवढी एकच उरली आहे. उद्या मालगाडीवाल्याबरोबर पाठवते आहे. पोहोचली की दोन-चार दिवस उभी ठेव आणि वाढदिवसाला उघड.

चव कशी असेल ते मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर शाळेत निबंध उतरवायचास तसं माझंच वाक्य मला परत पाठवशील. एवढंच लक्ष देऊन बघ की घोट घेतल्यावर शेवटी जिभेवर गोडवा राहतो की नाही. तू जे लिहिशील त्यावर मी दोन्ही पिंपांचं ठरवणार आहे. व्यापारी डिसेंबर सुरू झाला की उत्तर मागायला येईल.

वहिनीला आणि तुझ्या पोटुशा लेकीला, चिमणीला, आशीर्वाद. चिमणीला जड उचलू देऊ नका.

लोभ आहेच, तो वाढायला आता या वयात जागा नाही, आहे तेवढा टिकव.

तुझी
ताई


२३ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आणि बाटली दोन्ही सुखरूप पोहोचली. पत्रात दाढेचा उल्लेख नाही, त्या अर्थी ती दुखते आहे. तुला किती वेळा सांगितलं की पिंपातली चव घेतल्यावर लगेच दात घासू नकोस, साध्या पाण्याने चूळ भर. त्या आंबटाने तुझ्या दातांवरचं कवच पार झिजलं आहे, वरून ब्रश फिरवलास की उरलंसुरलंही जातं. मी दिवसभर परक्या लोकांचे दात राखतो आणि सख्ख्या बहिणीचे दिवसाढवळ्या विरघळताहेत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

वाढदिवस छान झाला. आम्ही दहाबारा जण होतो. माझ्या दवाखान्यातली मदतनीस आली, वरच्या मजल्यावरचं जोडपं आलं, आणि हिच्या कोर्टातले न्यायाधीशही आले. ते घरात आले तरी सगळे उगाच ताठ बसतात. चिमणी सोफ्यावर पाय पसरून होती आणि सगळ्यांना हुकूम सोडत होती. तिला शेवटचा महिना लागायचा आहे, पण पोट पाहून वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जुळ्यांची शक्यता वर्तवली. जावयाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

आता बाटलीचं. काय सांगू तुला! बूच काढल्याबरोबर खोलीभर फुलांचा दरवळ सुटला. रंग तर असा की दिव्यापुढे धरून बघत राहावं. चवीला अगदी मधासारखी, मऊ, रेशमी. न्यायाधीशांनी आपणहून दुसरा पेला मागितला. तू विचारलंस ते मी नीट लक्ष देऊन पाहिलं. गोडवा होता. शेवटपर्यंत जिभेवर स्पष्ट होता. बाबांच्या हाताला तोड नाही असं सगळेच म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं बघ.

तेव्हा तू मनाला लावून घेऊ नकोस. तुला सोपं पडेल ते कर. व्यापारी घेतो आहे तर देऊन टाक आणि आधी छप्पर दुरुस्त करून घे.

हिचा नमस्कार. दाढेचं पुढच्या पत्रात खरं लिही. लोभाची मागणी दरवेळी काय करायची, तो तू न मागता देतेस.

तुझा
धाकटा


१ डिसेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. वाढदिवस चांगला झाला हे वाचून बरं वाटलं. दाढ दुखते आहे.

तू लिहिलेलं चार वेळा वाचलं. फुलांबद्दल मी काही म्हणत नाही. रीसलिंग इतकी जुनी झाली की बाटली उघडताच आधी रॉकेलचा वास येतो, आणि वाईन जितकी उत्तम तितका तो जास्त. माझ्या बाटलीला आला होता. जरा वेळ पेल्यात राहिली की तो मागे सरतो. तुझं नाक तीस वर्षं लवंगेच्या तेलात मुरलं आहे, त्याला रॉकेल जाणवलं नाही आणि फुलं तेवढी जाणवली, यात नवल नाही. पण जिभेचं तसं नाही. गोड ते कुणालाही कळतं, तान्ह्या मुलालाही कळतं. तू स्पष्ट लिहिलं आहेस आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवते.

म्हणजे बाबांनी त्या साली साखर ठेवली होती. सगळ्यांसारखीच ठेवली, आणि मला मात्र ठेवली नाही म्हणून सांगितलं. मुलगा झाला तेव्हा हात सैल झाला असेल. किंवा आईने रडून ऐकवलं असेल. मग विकली का गेली नाही, ते मला माहीत नाही. कदाचित तेवढ्या एकाच पिंपात ठेवली असेल, तुझ्या नावाच्या. मी काय काय कारणं लावून पाहते आहे ते तुला सांगत बसत नाही.

मला राग आला आहे. गेलेल्या माणसावर या वयात रागावणं शोभत नाही हे कळतं, पण आला आहे. त्यांनी सगळ्यांना काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी विचारलं होतं तेव्हा आम्ही दोघंच होतो. वरच्या पट्टीत पावसाने घरंगळलेले, शाळेच्या पाट्या होतात तसले पाटीचे दगड टोपलीत भरून पुन्हा वर नेत होतो, आणि त्यांनी टोपली खाली ठेवून उत्तर दिलं होतं. त्यानंतर दर वसंतात ते दगड मी वर नेत आले आहे.

असो. व्यापारी आज सकाळीच आला, त्याला होकार दिला. पुढच्या गुरुवारी डावं पिंप थांबवते. तळघराची दारं उघडी टाकली की रात्रीच्या थंडीने आंबणं मंदावतं, मग वरची वाईन गाळावरून उपसून रिकाम्या पिंपात घ्यायची आणि आंबणं पुन्हा सुरू होऊ नये म्हणून गंधक द्यायचं, झालं. रिकामं पिंप एकच आहे, त्यामुळे डाव्याचं उरकून, ते धुऊन, सोमवारी उजवं.

तुझ्यावर राग नाही. तू विचारलं तेवढं सांगितलंस. सर्वांना आशीर्वाद.

ताई


५ डिसेंबर

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या भावाने लिहायचं, पण त्यांनी सकाळपासून तीन कागद फाडले, म्हणून मी लिहिते. कोर्टात लघुलेखिका म्हणून मला एकच गोष्ट येते, जे झालं ते झालं तसं उतरवणं. तेच करते. ते मागे उभे आहेत आणि मध्येमध्ये खुलासा करू पाहत आहेत. त्यांना मी सांगितलं आहे की साक्ष संपल्यावर त्यांना बोलता येईल.

वाढदिवसाच्या दिवशी ह्यांनी पाहुण्यांसमोर बूच काढलं. बाटलीतून रॉकेलचा वास आला. थोडाथोडका नाही. न्यायाधीशांनी खिडकीकडे पाहिलं. ह्यांना वाटलं की तुमच्या कोठीत बाटली स्टोव्हच्या शेजारी पडून राहिली असणार आणि वाईन नासली. त्यांनी हसून बाटली आत आणली, भरलेले पेले स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतले आणि पाहुण्यांना दुकानातून आणलेली दुसरी वाईन दिली. फुलं, मध आणि रेशीम त्या दुसऱ्या बाटलीचं होतं, तिच्यावर तसं छापलेलंही होतं. तुम्ही पन्नास वर्षं जपलेली वस्तू तुमच्याच कोठीत बिघडली हे तुम्हाला कळू नये, म्हणून त्यांनी तसं लिहिलं. एवढंच कारण. त्यांनी तुमच्या आंबवण्याचा, पिंपांचा, बाबांचा काहीही विचार केला नव्हता. तुमचा प्रश्न त्यांना उपचाराचा वाटला.

परवा तुमचं पत्र आलं. रॉकेलचं वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं आणि खुर्चीत बसले. मग उठून तुम्हाला फोन केला. तुम्ही तो उचललात, ऐकू येत नाही असं दोनदा ओरडून सांगितलंत आणि ठेवून दिलात.

आता माझी बाजू. ह्यांनी बाटली पूर्ण रिकामी केली नव्हती, अर्ध्याच्या आसपास उरली होती. फेकायला माझा हात होईना. रॉकेलने खिडकीच्या काचा छान निघतात, म्हणून मी बूच लावून ती गॅलरीत ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काचा पुसायला घेतली. उघडली तर वास पुष्कळ कमी झाला होता. मला संशय आला. मी चहाच्या कपात थोडी ओतली आणि चाखली.

वन्सं, मला वाईनमधलं काही कळत नाही, त्यामुळे जे जाणवलं तेच लिहिते. आंबट होती. कच्चं सफरचंद सालीसकट खावं तशी, पण दात शिवशिवले नाहीत. तोंडाला पाणी सुटलं. मागून ओल्या दगडाचा आणि किंचित मिठाचा भास झाला. गोडवा नव्हता. मी तुमच्या प्रश्नाचं पत्र वाचलेलं होतं, म्हणून दुसरा कप त्यासाठीच घेतला आणि डोळे मिटून शोधलं. अजिबात नव्हता. तिसरा कप कशासाठी घेतला त्याचं कारण मला देता येत नाही. त्या आठवड्यात मी ती सगळी संपवली, स्वयंपाकघराचं दार लोटून, उभ्या उभ्या. काचा अजून तशाच आहेत.

तेव्हाच तुम्हाला लिहायला हवं होतं. पण ह्यांचं पत्र पेटीत पडून गेलं होतं, आणि नवऱ्याला खोटं पाडायचं तर निदान तो समोर असताना पाडावं असं वाटलं. मग झाकली मूठ तशीच राहिली. चुकलं.

बाबांनी तुम्हाला खरं सांगितलं होतं. एवढं वाक्य पहिल्यांदा लिहायला हवं होतं, ते शेवटी आलं. पिंपं अजून थांबवली नसतील तर थांबवू नका.

हे म्हणतात की त्यांची सही खाली हवी. घेते. लोभ ठेवालच अशी आशा करायची हिंमत नाही, पण राग आम्हा दोघांत अर्धा अर्धा वाटावा ही विनंती.

तुमची
वहिनी

(सही केली आहे. सगळं खरं आहे. धाकटा.)


१० डिसेंबर

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ., आणि ते यावेळी सगळेच्या सगळे तुला. शेजारी उभ्या असलेल्याने त्यातलं काही घेऊ नये.

तुझं पत्र काल, शुक्रवारी मिळालं. मी तळघरात रबरी बूट घालून पिंप धुवायच्या तयारीत होते. टपालवाल्याने पाकीट तिथेच आणून दिलं. ओल्या हातांनी वाचलं, त्यामुळे दुसरं पान फाटलं आहे, पण वाक्य हाती लागलं. मग मी उपड्या टोपलीवर बसले आणि रडले. नंतर काचांचं आठवून हसले. टपालवाला दोन्ही वेळा तिथेच होता. आता गावभर काय सांगेल देव जाणे.

डावं पिंप गुरुवारी थांबवलं होतं. त्याला आता काही करता येत नाही, गंधक देऊन झालं आहे. ते गोड आहे. चाखून पाहिलं. वाईट नाही, गोडगोड बोलणाऱ्या पाहुण्यासारखं आहे, चार घटका बरं वाटतं. व्यापारी ते घेऊन जाईल आणि खूश होईल. उजवं पिंप वाचलं. एकच रिकामं पिंप असल्याची मी आयुष्यभर कुरकुर केली, ती आजपासून बंद. उजव्याच्या डोक्यावरच्या काचेच्या नळीतून अजून बुडबुडे येताहेत. मला ते ऐकू येत नाहीत, मी बोट लावून बघते. व्यापाऱ्याला सांगितलं की हे मिळणार नाही. तो म्हणाला की बाई, तुमचं वय काय आणि ही प्यायला होणार कधी. मी म्हटलं की वय माझं आहे, तुमचं नाही.

तू चवीचं जे लिहिलं आहेस तसं मला लिहिता आलं नसतं. ओला दगड म्हणालीस तो पाटीचा. तुझं सासर त्याच दगडावर उभं आहे.

कोनाड्यापाशी जाऊन आले. आठवडाभर मी बाबांबद्दल मनात जे काही बोलले ते सगळं परत घेतलं, एक एक करून. बरंच होतं, वेळ लागला.

तुझ्या नवऱ्याचा निम्मा राग मी ठेवून घेतला आहे. त्याला सांग की दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून तो लहानपणीही असंच करायचा. आईने केलेलं बेचव सूप वाखाणायचा आणि मग आम्हा सगळ्यांना ते आठवडाभर खावं लागायचं. बाकी त्याचं मन आईसारखं आहे, हे मला माहीत आहे. त्याला हे लगेच सांगू नकोस, थोडा कुढू दे.

तुझा लोभ मला आता मागावा लागत नाही, तो कपाने मोजून मिळाला आहे.

तुझी
वन्सं


३० डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझा आवाज ऐकवत नसेल तर पत्र बंद कर, पण आधी एवढं वाच. चिमणीला परवा मुलगी झाली. जुळी नाहीत, एकच आहे, पण आवाज दोघींचा आहे. दोघी सुखरूप आहेत. नाक आपल्या बाबांचं आहे असं मी म्हटलं, तर ही म्हणाली की तुमच्या नाकाची साक्ष या घरात चालत नाही.

बरं करायला गेलो, म्हणजे करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. पण नुसतं हसण्यावारी नेत नाही. तू एका शब्दासाठी माझ्याकडे आली होतीस, आणि मी तुला बाटलीवर छापलेलं उतरवून पाठवलं. सिंकपाशी भांडं विसळायला उभा राहिलो तरी लाज वाटते.

एक विचारायचं आहे. बाळ साल संपायच्या आत आलं. म्हणजे उजव्या पिंपाचं आणि तिचं साल एकच. कोनाड्यात जागा आहे का?

दाढ काढायला शहरात ये. फुकट काढीन, आणि खोटं न सांगता सांगीन की दुखेल.

तुझा, शिक्षा भोगत असलेला,
धाकटा


२ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

उजवं पिंप मे महिन्यात आपलं आपण थांबलं. मोजून पाहिलं, साखर उरलेली नाही. उन्हाळा सरताना बाटल्या भरल्या. सध्या चव अशी आहे की तुझ्यासारख्याने जवळ जाऊ नये. मी एक घोट घेतला आणि साध्या पाण्याने चूळ भरली, तू सांगितलंस तशी. दाढ काढल्यापासून डाव्या बाजूने चाखता येतं, हा तुझ्या हातचा गुण मान्य करते.

डाव्या पिंपाची गंमत ऐक. व्यापारी परवा आला होता. ती गोड वाईन लोकांना भलती आवडली म्हणे, पुढच्या साली पुन्हा तशीच हवी. मी तिला घरात थाप म्हणते, हे त्याला माहीत नाही. थापेच्या जिवावर छप्पर झालं, आता गळत नाही. बिनगळत्या घरात झोप लागायला मला महिना लागला.

कोरडीला गिऱ्हाईक नाही. खाली रांगेने आडवी पडली आहे आणि माझ्या हयातीत कुणाच्या कामाची नाही. मला वाटलं होतं की याचं वाईट वाटेल. वाटलं नाही. बाबा त्या दोन वर्षांत संध्याकाळी तळघरात जाऊन नुसते उभे राहायचे, ते मला तेव्हा त्रागा वाटायचं. आता मी तशीच उभी राहते, तर त्यात त्रागा नसतो असं दिसतं.

कोनाड्यात जागा होतीच, तुझी बाटली गेल्यावर रिकामी झालेली. तिथेच बाळाची ठेवली. ती पन्नाशीची होईल तेव्हा तू नसशील, मी तर नसेनच, वहिनी असली तर काचा पुसायला मागेल. तेव्हा त्या बाटलीबद्दल सांगणारं कुणी असेल याची खात्री नाही. मागच्या वेळी मी हट्टाने आधी काही सांगितलं नाही आणि आपण सगळ्यांनी ते भोगलं. म्हणून या वेळी चामड्याच्या तुकड्यावर चार ओळी लिहून बाटलीच्या गळ्यात बांधल्या आहेत. चामडं माझ्या जुन्या बुटाचं आहे, माळ्यावर सापडला, अजून धड आहे.

चिमणीला सांग की बाळाला घेऊन तोडणीच्या आधी येऊन जा. वहिनीला वेगळं बोलावणं लागत नाही. लोभाचं काही लिहीत नाही, पिंप भरलेलं आहे.

तुझी
ताई

ता. क. चामड्यावर काय लिहिलं ते विचारशील, म्हणून उतरवून देते:

‘चि. पन्नास वर्षांच्या बाळास, अ. उ. आ. आधी रॉकेलचा वास येईल. ओतून देऊ नकोस. जरा थांब.’